शुक्रवारचा कुसकुस (मोरोक्कोतलं घरगुती जेवण)

मोरोक्कोत शुक्रवारी दुपारी, जुम्म्याची नमाज झाली की घरातले सगळे एकाच मोठ्या ताटाभोवती बसून कुसकुस खातात, ही तिथली पक्की रीत. फेस, रबात वगैरे शहरांत अरबी शिकायला किंवा फिरायला येऊन एखाद्या कुटुंबात राहणारे बरेच परदेशी लोक हे जेवण पहिल्यांदा तिथेच जेवतात. इथे एक लक्षात घ्यायचं, हा बेत पाहुण्यासाठी नसतो, पाहुणा आला नसता तरी तो झालाच असता, लग्न होऊन वेगळे राहणारे मुलगे-मुली पण त्या दिवशी आईकडे येतात आणि पाहुण्याला त्याच गोलात जागा करून देतात. जुन्या शहरांतली बरीच दुकानं शुक्रवारी दुपारी बंद असतात ती याच्यामुळे पण.

कुसकुस म्हणजे कडक गव्हाचा (ज्याचा पास्ता करतात तो) रवा पाणी आणि थोडं पीठ शिंपडत तळहाताने फिरवून केलेले बारीक दाणे. काही भागात जवाचा पण करतात. हे दाणे शिजवत नाहीत, वाफवतात. भांडं दोन मजली असतं, खाली रस्सा उकळतो आणि वर भोकं असलेल्या भांड्यात दाणे, आपल्या मोदकपात्रासारखंच, फक्त इथे वाफ साध्या पाण्याची नसून मटण-भाजीच्या रश्श्याची. दोन भांड्यांच्या फटीतून वाफ निसटू नये म्हणून पिठात बुडवलेली कापडाची पट्टी गुंडाळतात. एक वाफ आली की दाणे मोठ्या परातीत ओतायचे, तेल-मीठ-पाणी लावून हाताने गुठळ्या मोडायच्या, परत वर चढवायचे, असं सहसा तीनदा. गरम दाण्यात हात घालायचं हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात आणि त्यात अख्खी सकाळ जाते. शेवटी स्मेन नावाचं खारवून मुरवलेलं लोणी चोळतात, त्याचा वास उग्र असतो, पहिल्यांदा नाकाला झेपत नाही. बाजारात आधीच वाफवलेला झटपट कुसकुस मिळतो, गरम पाणी ओतलं की पाच मिनिटांत तयार, पण शुक्रवारी तो केला तर घरातली म्हातारी माणसं नाकं मुरडतात.

रश्श्यात मटण किंवा चिकन, काबुली चणे, गाजर, सलगम, कोबी, झुकिनी, लाल भोपळा. सात भाज्यांचा कुसकुस प्रसिद्ध आहे पण सात कुठल्या हे घरागणिक बदलतं. भोपळा शेवटी टाकतात, नाहीतर गळून जातो. मसाला आलं, मिरी, हळद किंवा केशर, कोथिंबिरीची जुडी एवढाच. तिखट जवळपास नाहीच, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला पहिले दोन घास सपक लागू शकतात. दुसरा प्रकार त्फाया, म्हणजे वर कांदा आणि बेदाणे दालचिनी घालून गोडसर परतलेले.

वाढताना दाण्यांचा डोंगर, मधोमध मटण, त्यावर भाज्या आणि वरून रस्सा. आधी हात धुवायला पाणी येतं, मग बिस्मिल्ला म्हणून सुरुवात. उजव्या हातानेच खायचं हे आपल्याला सांगायला नको, पण ताट सगळ्यांचं एकच असल्यामुळे फक्त आपल्या समोरचा भाग खायचा, पलीकडची भाजी आवडली म्हणून हात लांब करायचा नाही. ती भाजी आपोआप येते! घरची बाई मटणाचे तुकडे करून ज्याच्या त्याच्या पुढ्यात सरकवते आणि पाहुण्यापुढे सगळ्यात जास्त. जुनी माणसं मूठभर दाणे तळहातावर उडवत त्याचा गोळा करतात आणि तोंडात टाकतात, नवख्याला ते जमत नाही, दाणे सांडतात, म्हणून त्याला चमचा देतात. चमच्याने खाण्यात काही कमीपणा नाही, घरातले निम्मे लोक पण चमच्यानेच खातात. सोबत ल्बेन म्हणजे ताक. पोट भरलं म्हटलं तरी 'कुल, कुल' (खा, खा) चालूच राहतं, त्यामुळे सुरुवातीला हळू खाल्लेलं बरं. नंतर फळं आणि पुदिन्याचा गोड चहा.

शाकाहारी माणसाने हे आदल्या दिवशीच सांगावं. आयत्या वेळी सांगितलं तर मटण बाजूला काढून ताट पुढे येतं आणि रस्सा मात्र मटणाचाच असतो, त्यांच्या मते तेवढ्याने भागतं. गरीब घरांत मटण थोडं असतं किंवा नसतंच, तरी कुसकुस होतो. बऱ्याच घरांतून एक ताट मशिदीत किंवा दारावर येणाऱ्या गरिबांसाठी जातं.

हे फक्त मोरोक्कोचं नाही. ट्युनिशियात मासे आणि झणझणीत हरिसा (लाल मिरचीची चटणी) घालून करतात, अल्जीरियात पण घरोघरी आहे, आणि मुळात ही सगळी उत्तर आफ्रिकेतल्या मूळच्या अमाझिग (बर्बर) लोकांची देणगी मानतात. कुसकुस कोणाचा यावरून शेजाऱ्यांत जुनी कुरबुर, तरी अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशियाने मिळून अर्ज केला आणि 2020 मध्ये युनेस्कोने कुसकुस करण्या-खाण्याची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

रमजानात दिवसा रोजा असल्यामुळे शुक्रवारचं हे दुपारचं जेवण बंद असतं, बऱ्याच घरांत मग सत्ताविसाव्या रात्री कुसकुस करतात. त्या महिन्यात जाणाऱ्याने दुपारच्या आमंत्रणाची वाट बघू नये.