तीन इंची लगचं गणित

भातलावणीच्या दिवसांत कोकणात ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील चढवतात. चिखलात ती झकास चालतात, पण त्याच चाकांनी ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर काढला की रस्त्याची वाट लागते. डोंगरात चालवायच्या स्नोमोबाईलच्या पट्ट्याचं दुखणं याच जातीचं आहे. फरक इतकाच, की तो पट्टा रबराचा असतो. त्यामुळे वाट लागते ती पट्ट्याची.

अमेरिकेत वायोमिंग, मोंटाना, कोलोरॅडो आणि कॅनडात ब्रिटिश कोलंबिया या भागांत हिवाळ्यात स्नोमोबाईल घेऊन डोंगर चढणाऱ्यांची मोठी जमात आहे. कंपनीने दिलेला पट्टा झिजला, किंवा न झिजताही कमी पडतो असं वाटलं, की ही मंडळी बाजारातून दुसरा आणून घालतात. आपल्याकडे गुलमर्गला पर्यटकांना जिच्यावरून फिरवतात किंवा सियाचिनमध्ये सैन्य जी वापरतं, ती स्नो स्कूटर म्हणजे याच कुळातलं यंत्र. क्वेबेकमधल्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली, तेव्हापासून मूळ मांडणी तीच आहे: पुढे दोन स्की, मागे एक अखंड रबरी पट्टा.

हा पट्टा नुसता रबराचा नसतो. आत कापडाचे थर असतात आणि रुंदीभर आडव्या फायबरग्लासच्या कांड्या ओतलेल्या असतात. कांड्यांमुळे पट्टा लांबीत वाकतो, रुंदीत ताठ राहतो. मधे ओळीने चौकोनी खिडक्या असतात, त्यांच्या कडांना धातूच्या क्लिपा. या क्लिपा सस्पेन्शनच्या दोन रुळांखाली बसवलेल्या प्लास्टिकच्या स्लायडरवरून घसरत जातात. बाहेरच्या अंगाला उभ्या रबरी फळ्या असतात, त्यांना लग म्हणतात. पट्ट्याची ओळख तीन आकड्यांत सांगतात, सगळे इंचात: १६२ × १६ × ३ म्हणजे लांबी १६२, रुंदी १६ आणि लगची उंची ३.

लांबी-रुंदीचं काम समजायला सोपं आहे. समजा पट्ट्याचा ६० इंच भाग बर्फाला टेकला आहे. सोळा इंच रुंदी धरली तर क्षेत्रफळ साधारण ६,२०० चौरस सेंटिमीटर येतं. गाडी, पेट्रोल आणि सामानासकट चालक मिळून ३५० किलो धरा. सगळं ओझं पट्ट्यावरच आहे असं मानलं तरी दर चौरस सेंटिमीटरला ५६ ग्रॅम भार पडतो. दोन बुटांवर उभा असलेला ८० किलोंचा माणूस याच्या जवळजवळ तिप्पट दाब देतो. म्हणून माणूस कमरेपर्यंत रुततो तिथे गाडी तरंगत जाते. पट्टा लांब केला की ती आणखी तरंगते, पण झाडीत वळवताना तीच लांबी नडते. रुंदीचंही तसंच: १५ इंची पट्टा असलेली गाडी उतारावर कलती करायला १६ इंचीपेक्षा हलकी जाते.

खरी रंगत लगच्या उंचीत आहे. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण ताज्या भुरभुरीत हिमाची घनता दर घनमीटरला ५० ते १०० किलो असते, वाऱ्याने दाबलेल्या थराची ३५०च्या पुढे आणि घट्ट गोठलेल्या बर्फाची ९१७. भुरभुरीत थरात लगला धरायला काही नसतंच. लग तिथे वल्ह्यासारखी चालते: हिम मागे फेकते आणि त्याच्या धक्क्याने गाडी पुढे जाते. जितकं जास्त हिम एका वेळी मागे ढकललं जाईल तितका जोर जास्त, म्हणून अडीच इंचांच्या लगपेक्षा तीन इंची चांगली. कोलोरॅडो-युटाच्या कोरड्या हिमात हा फरक बसल्याबसल्या कळतो. वॉशिंग्टनच्या कॅस्केड पर्वतातलं हिम ओलं आणि जड, तिथे अडीच इंची लगही पुरेशी पकड देते आणि तीन इंचीचा फायदा बराच आटतो.

आता या उंचीची किंमत. लग म्हणजे एका टोकाला जखडलेली पट्टी. अशी पट्टी टोकाशी ढकलली तर तिचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. रबर तेच, जाडी तीच ठेवून अडीचची लग तीन इंच केली तर वाकणं १.७ पट होतं. ते भरून काढायचं तर रबर कडक घ्यावं लागतं किंवा बुंधा जाड करावा लागतो. रबराचा कडकपणा शोअर ए या मापात मोजतात. मऊ लग साठच्या आसपास, कडक ऐंशीच्या. मऊ लग दगडावर आपटली तर वाकून सुटते, पण दाबलेल्या थरात मुडपते. कडक लग तिथे चावा घेते, पण मार बसला की बुंध्याशी चिरते. जाड बुंधा म्हणजे वजन. मधला मार्ग म्हणून बरेच पट्टे बुंध्याशी कडक आणि टोकाशी मऊ रबर वापरतात.

वजनाचं गणित लोक हमखास चुकवतात. पट्ट्याचा खालचा भाग बर्फावर स्थिर असतो आणि वरचा गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. हिशेब केला तर पट्ट्यातला एक किलो, वेग घेताना, गाडीवरच्या दोन किलोंइतका जड पडतो. हे झालं पट्टा अजिबात घसरत नसताना. हिमात तो घसरतोच. गाडी सेकंदाला १० मीटर आणि पट्टा २५ मीटर वेगाने फिरत असेल, तर पट्ट्यातल्या एका किलोत साठवलेली ऊर्जा गाडीवरच्या एका किलोच्या सात पटींहून जास्त असते. त्यात समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर हवेचा दाब सत्तर टक्क्यांवर आलेला असतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात उतरलेली. वायोमिंगमधली टॉगवोटी खिंड २,९४४ मीटरवर आहे. तिथे अशक्त इंजिनाला सर्वांत उंच, सर्वांत लांब पट्टा घातला की तो फिरवण्यातच दम जातो. हिम फेकायला ताकद उरत नाही आणि गाडी जागच्या जागी खड्डा खणत बसते. अशा इंजिनाला अडीच इंची पट्टाच बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुकानदार सहसा असं सांगत नाही.

वजन कमी करण्यासाठी काही पट्टे कापडाच्या एकाच थरावर करतात. ते हलके असतात आणि सहज वाकतात, पण लवकर ताणले जातात आणि दगडाचा वार कमी सोसतात. काहींच्या कांड्या काठापासून थोड्या आत संपवलेल्या असतात, म्हणजे कडा लवचीक राहून गाडी सहज कलते. मऊ हिमात हे सुख आहे. कडक आडव्या उतारावर मात्र तीच कड दुमडते आणि गाडी खाली घसरते.

आता टिकाऊपणाकडे येऊ. पट्टा डोंगरात क्वचित खराब होतो. तो खराब होतो गाडी उतरवलेल्या वाहनतळापासून डोंगरापर्यंतच्या दाबलेल्या, गुळगुळीत वाटेवर. ही वाट कधी पंधरा-वीस किलोमीटरची असते आणि तिथे कोणालाही घाई असते. मऊ हिमात उंच लग आत शिरते. कडक वाटेवर ती शिरत नाही, दर फेरीला टोकावर दुमडते आणि सुटते. १६२ इंची पट्टा ताशी १०० किलोमीटर वेगाने फिरला तर सेकंदाला पावणेसात फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक लग तितक्या वेळा मुडपते. रबर वाकून परत येताना थोडी ऊर्जा उष्णता म्हणून आतच ठेवतं आणि ते उष्णतेचं वाईट वाहक असल्यामुळे बुंध्याचा गाभा तापत जातो. भुरभुरीत हिमात तो सतत थंड होत राहतो, कोरड्या कडक वाटेवर होत नाही. तापलेलं रबर मऊ पडतं, आणखी मुडपतं, आणखी तापतं.

त्यात भर पडते ती पुढच्या स्प्रॉकेटवरच्या, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकावरच्या, वळणाची. पिच, म्हणजे एका खिडकीपासून पुढच्या खिडकीपर्यंतचं अंतर, तीन इंच असेल तर आठ दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या ९.७ सेंटिमीटर येते. ताशी १०० किलोमीटरला तिथून वळताना तीन इंची लगच्या टोकावर गुरुत्वाकर्षणाच्या १,४०० पटींहून जास्त ओढ असते. चिरून लोंबणारा दहा ग्रॅमचा तुकडा चौदा किलोंनी स्वतःला उपटत असतो. म्हणूनच चिरलेली लग आज दिसली तर परतीच्या वाटेवर ती जाग्यावर असेलच असं नाही. कडक वाटेवर वेग आवरायचा आणि अधूनमधून बाजूच्या मऊ हिमातून गाडी काढायची. रुळांना स्क्रॅचर लावतात, म्हणजे टोकाला कडक धातू बसवलेल्या स्प्रिंगच्या काड्या. त्या वाट खरवडून चुरा वर उडवतात. त्या चुऱ्याने पट्टा, स्लायडर आणि बोगद्यातले (पट्टा ज्या पोकळ सांगाड्याखाली फिरतो तो बोगदा) रेडिएटर तिन्ही थंड राहतात. स्लायडरला वंगण असतं ते वितळलेल्या हिमाचंच. ते नसेल तर स्लायडरच वितळून क्लिपांना चिकटतो.

नवा पट्टा घ्यायच्या आधी पिच मोजा. डोंगरी पट्ट्यांत ते २.८६, ३ किंवा ३.५ इंच असतं. एका खिडकीच्या मध्यापासून दहाव्या पुढच्या खिडकीच्या मध्यापर्यंत टेप धरा आणि दहाने भागा. मग खडूने खूण करून सगळ्या खिडक्या मोजा. चोपन्न खिडक्या २.८६ने गुणल्या तर १५४ इंच होतात, तीनने गुणल्या तर १६२. पिच बदलली की स्प्रॉकेटही बदलायलाच हवेत. ‘चौदा शतांश इंचाने काय होतंय’ म्हणून जुने ठेवले तर आठ दात्यांत सव्वा इंचाला थोडाच कमी इतका फरक साठतो, दाते पट्ट्याच्या आतल्या अंगाच्या रबरी गाठींवर (ज्यांना ढकलून ते पट्टा फिरवतात) चढून कटकट उड्या मारतात आणि थोड्याच दिवसांत गाठी सोलून निघतात. स्प्रॉकेट षटकोनी दांड्यावर दाबून बसवलेले असतात. ते बसवताना सगळ्यांचे दाते एका रेषेत आलेच पाहिजेत, नाहीतर पट्टा थरथरतो आणि एकाच बाजूने फाटू लागतो.

उंच लगला बोगद्यात जागाही लागते. लग पुढच्या रेडिएटरला घासली तर लग कापली जाईल किंवा रेडिएटर फुटेल. आठऐवजी सात दात्यांचे स्प्रॉकेट घातले तर त्रिज्या १.२ सेंटिमीटरने कमी होते, म्हणजे जवळजवळ अर्धा इंच जागा मिळते. अडीचवरून तीनवर जायला नेमकी तेवढीच लागते. पण एका फेरीत पट्टा २४ऐवजी २१ इंच सरकतो. वेग साडेबारा टक्क्यांनी उतरतो, आणि तो परत हवा असेल तर चेनकेसमधले (इंजिनाकडून येणारी गती साखळीने पट्ट्याच्या दांड्याला देणाऱ्या डब्यातले) गिअर बदलावे लागतात. पट्टा चढवताना लगची दिशा बघा. उलटा चढलेला पट्टा उतरवायला पुन्हा सस्पेन्शन आणि दांडा दोन्ही खोलावे लागतात, दिवस जातो.

ताण हा दुसरा घोळ. पिठाच्या गिरणीचा पट्टा माहीत असणाऱ्याला हे समजवावं लागत नाही: सैल असेल तर घसरतो, ताठ असेल तर बेअरिंग खातो. इथे पट्ट्याच्या मधल्या भागाला सात-साडेसात किलोंचं वजन टांगून स्लायडरखाली किती झोळ पडतो ते मोजतात; नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यायचा. मग गाडीचा मागचा भाग उचलून पट्टा हळू फिरवायचा आणि रूळ व क्लिपांचे मार्गदर्शक यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघायचं. जिथे फट कमी, त्या बाजूचा बोल्ट पाव फेरा आवळायचा आणि परत बघायचं. या वेळी मागे कोणी उभं राहायचं नाही, अडकलेला खडा गोळीसारखा सुटतो. नवा पट्टा पहिल्या काही फेऱ्यांत ताणला जातो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं पुन्हा करावं लागतं. पहिल्या दिवशीच ‘पुढे ताणेल म्हणून’ जास्त आवळणं चूक. त्याने स्लायडर आणि मागच्या चाकांची बेअरिंग जातात.

सकाळची एक गोष्ट फार लोक विसरतात. संध्याकाळी ओली गाडी उघड्यावर लावली की सस्पेन्शनमधला चिखलबर्फ रात्रीत गोठतो आणि पट्टा जमिनीलाही चिकटतो. सकाळी थेट ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनाकडचा बेल्ट जळतो किंवा चिकटलेल्या लग जमिनीवरच राहतात. आधी गाडी आळीपाळीने दोन्ही बाजूंना कलती करायची, मागचा बंपर धरून उचलायची आणि पट्टा सुटला की मगच चालू करायची. रात्री खाली दोन फळ्या ठेवल्या तर निम्मं काम वाचतं. उन्हाळ्यात गाडी ठेवताना ताण सैल करून पट्टा जमिनीपासून उचलून ठेवायचा.

जुनी गाडी घेताना पट्टा हाताने तपासा. प्रत्येक खिडकीजवळ कड दोन्ही हातांनी वाकवून बघा. कांडी तुटलेली असेल तिथे पट्टा बिजागरीसारखा दुमडतो, आणि तुटकं टोक पुढे बाहेर येऊन बोगदा खरवडतं. कापडाचे धागे उघडे दिसत असतील तर पाणी आत गेलेलं आहे. ते गोठून थर सुटे करत असणार. क्लिपांच्या जागी रिकाम्या खिडक्या किती ते मोजा. शेवटी लगची पुढची कड बघा. हिमातच फिरलेल्या पट्ट्याची कड कोरीव राहते. ती साबणाच्या वडीसारखी गोल झाली असेल आणि कोपऱ्यांचे टवके उडाले असतील, तर मीटरवरचा आकडा कितीही छोटा असो, त्यातले बहुतेक मैल वाटेवरचे आहेत.