पीठ पडतंय की माती चढतेय? घुण आणि वाळवी यांची गल्लत

गोरेगावला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या देवघराखाली रोज सकाळी मैद्यासारखं पिवळसर पीठ पडायचं. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, वाळवी लागली. पेस्ट कंट्रोलवाला आला, त्यानेही मान डोलावली, भिंतीलगतच्या टाइल्सना ओळीने भोकं पाडली, औषध सोडलं, पांढऱ्या सिमेंटने बुजवलं आणि पैसे घेऊन गेला. चौथ्या दिवशी देवघराखाली पुन्हा पीठ. मावशीचा निष्कर्ष असा, की औषधात भेसळ होती. औषध अस्सल असेलही, पण दुखणंच वेगळं होतं. जमिनीतून येणारी वाळवी असं कोरडं पीठ पाडत नाही. ते काम घुणाचं.

खरं तर आपल्या भाषेत या दोघांना वेगळी नावं आहेत, ती आपण विसरत चाललोय. लाकूड पोखरताना योगायोगाने अक्षरासारखी नक्षी उमटवणारा किडा तो घुण. ‘घुणाक्षरन्याय’ त्याच्यावरूनच आला. वाळवी किंवा उधई ही वारुळातली. वारूळ म्हणजे वल्मीक, आणि वाल्मीकींचं नाव त्यावरून पडल्याची कथा लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. आता पेस्ट कंट्रोलवाले घुणाला ‘बोरर’ म्हणतात, सुतार ‘भुंगा’ नाहीतर नुसतं ‘किडा’ म्हणतो, आणि उरलेले आपण सगळ्यालाच वाळवी म्हणून मोकळे होतो.

मुख्य फरक राहण्याचा आहे. घुणाच्या अळीचं सगळं बालपण तुमच्या फळीतच जातं. वाळवीचं घर मात्र दुसरीकडे, बहुतेक वेळा जमिनीखाली असतं. तुमच्या कपाटात ती फक्त जेवायला येते. त्यामुळे घुण लागला तर ती वस्तू आजारी, आणि वाळवी लागली तर इमारत.

वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात, पण मुंगीशी तिचं नातं लांबचं. तिचा खरा भाऊबंद म्हणजे झुरळ. मुंबईकरांना दोन्हींबद्दल सारखंच प्रेम असल्यामुळे हे पटायला जड जाऊ नये. कामकरी वाळवी आंधळी, मऊ, दुधट रंगाची असते आणि कोरड्या उघड्या हवेत सुकून मरते. म्हणून ती उघड्यावरून चालतच नाही. माती, लाळ आणि विष्ठा कालवून साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी भिंतीवरून बांधत नेते आणि त्या बोगद्यातून ये-जा करते. ही मातीची रेघ हीच तिची सही. ती शोधायची तर दिवाणखान्यात नव्हे. जिन्याखाली, मीटरच्या खोक्यामागे, बाथरूमच्या दाराच्या चौकटीच्या पायथ्याशी, पाइपांच्या डक्टमध्ये, आणि माळ्यावर जिथे जुनी रद्दी भिंतीला टेकवून ठेवलेली असते तिथे.

‘आम्ही सातव्या मजल्यावर, आमच्याकडे कशी येईल?’ हा प्रश्न सोसायटीच्या सभेत हमखास येतो. डक्टमधून येते, भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपातून येते. आणि एखादी भिंत वर्षभर ओली राहिली, तर काही जातींना जमिनीशी संबंध न ठेवताही तिथेच वस्ती करता येते. मुंबईत ओल्या भिंतीला तोटा नाही. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची गळती हे दोन शेजाऱ्यांमधलं भांडण असतं तसं ते वाळवीला दिलेलं आमंत्रणही असतं.

वाळवीची खाण्याची पद्धतही लबाडीची. लाकडाचा मऊ भाग ती रेषेरेषेने खात जाते आणि वरचा पापुद्रा, पॉलिश, सनमायका जसाच्या तसा ठेवते. चौकट बाहेरून धडधाकट दिसते, पण अंगठा दाबला की आत जातो, किल्लीने ठोकलं की पोकळ वाजतं. आत पीठ नसतं, ओलसर माती असते. नळी दिसली तर लगेच झाडूने साफ करू नका. मधला दोन इंचांचा तुकडा तेवढा मोडा आणि काही दिवस थांबा. पुन्हा बांधला गेला तर वाळवी हजर आहे. नाही बांधला, तरी ती गेली असं समजू नका. वाट बदललेली असू शकते.

घुणाचं पाहू. हा एक बारका भुंगेरा. मादी कच्च्या लाकडाच्या छिद्रांत अंडी घालते, अळी आत राहून लाकडातला स्टार्च खाते, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षभराने, पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर पडतो. जाताना टाचणीने पाडावं तसं एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक ठेवतो आणि खाली पीठ पडतं. म्हणजे पीठ दिसतं तेव्हा आतला कार्यक्रम बराचसा उरकलेला असतो, आणि अनेकदा किडा लाकडाबरोबरच घरात आलेला असतो. सालीजवळचं पांढरं लाकूड, हलक्या झाडांचं प्लायवूड आणि बांबू त्याच्या आवडीचे. सागाच्या गाभ्याच्या वाटेला तो सहसा जात नाही. कोकणातून आणलेलं बांबूचं सूप फडताळावर ठेवल्यावर खाली भुकटी पडते, ती याच्याच एका चुलतभावाची.

प्लायवूडच्या दुकानात आणखी एक फसगत होते. ‘वॉटरप्रूफ आहे, किडा लागणारच नाही,’ असं छातीठोक सांगतात. पाण्याने थर न सुटणं हा गोंदाचा गुण. किडा न लागायला लाकडावर औषधाची प्रक्रिया झालेली असावी लागते. दोन्ही वेगळं विचारा आणि बिलावर लिहून घ्या. फर्निचर बनवताना कपाटाची पाठ आणि तळाच्या कडा कच्च्या सोडायची सुतारांना सवय असते. घुण नेमका तिथे अंडी घालतो, कारण पॉलिश वा रंग मारलेल्या पृष्ठभागावर त्याला ती घालता येत नाहीत.

आणखी दोन गोंधळ. जूनच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे घोंघावतात आणि सकाळी लादीवर पंखांचा सडा असतो. कंबर जाड आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर ती वाळवी. कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे असतील तर मुंग्या. खिडकीतून आलेली वाळवी घाबरण्यासारखी नाही, दिवा मालवा आणि खिडकी लावा. पण बंद खोलीत, भिंतीच्या फटीतून ती निघताना दिसली तर वस्ती इमारतीतच आहे. दुसरा गोंधळ खसखशीसारख्या टणक दाण्यांचा. तसे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातच राहणारी, मातीशी देणंघेणं नसलेली वेगळी वाळवी. पीठ नव्हे, दाणे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता इलाज. घुणासाठी लादी फोडण्यात अर्थ नाही. त्या वस्तूचाच उपचार करायचा: भोकांत इंजेक्शनने औषध, कच्च्या बाजूंना बोरॅक्सच्या जातीचं औषध, वर पॉलिश. वस्तू स्वस्तातली असेल तर सरळ टाकून द्या. वाळवीत नेमकं उलट. कपाट फेकून दिलं की तिची फक्त एक खानावळ बंद होते. दिसेल तिथे रॉकेल किंवा झुरळांचा स्प्रे मारला तर समोरच्या शंभर मरतात, बाकीच्या दुसरी वाट धरतात. तिच्यासाठी भिंत आणि लादीच्या सांध्यात साधारण 12 मिलिमीटरची भोकं दर फुटाला पाडून औषध सोडणं हाच रूढ मार्ग, आणि भारतीय मानक आयएस 6313 मध्ये तो दिलेला आहे. शक्यतो पूर्ण तळमजल्याचं काम एकदम करावं. एकट्या फ्लॅटने करून घेतलं तर वाळवी शेजारच्या दाराने येते. कामाआधी औषधाचं नाव आणि प्रमाण विचारा, आणि सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे ते माणसाला प्रत्यक्ष नेऊन दाखवा. ही गोष्ट त्याला कुणी सांगत नाही.

मावशीच्या देवघराचं म्हणाल, तर आम्ही खाली काळा कागद पसरला आणि दिसतील त्या सगळ्या भोकांभोवती पेन्सिलने गोल काढले. जुनं पीठ दार उघडझाप झाली तरी गळत राहतं, म्हणून खूण हवी. महिनाभरात मागच्या प्लायवर दोन नवी भोकं निघाली, गोलाबाहेरची. सुताराने ती पाठ काढून नवी बसवली, कडांना औषध आणि रंग लावला. लादीवरचे पांढऱ्या सिमेंटचे ठिपके मात्र अजून तसेच आहेत, आणि मावशी दर दिवाळीला ते घासून बघते.