मायनस आय, मायनस एफ आणि पोस्टमास्टर: पोस्टग्रेसच्या जुन्या पर्यायांची पार्श्वभूमी

महापे, रबाळे, ऐरोलीच्या आयटी पार्कांत डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या हाती कधी ना कधी पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची जुनी स्टार्टअप स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हर सुरू करणाऱ्या कमांडची फाइल, येतेच. तिच्यात 'मायनस आय' (-i), 'मायनस एफ' (-F) असे पर्याय असतात आणि ते लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. ही अक्षरं उगाच आलेली नाहीत. त्यांच्यामागची गरज कळली, की कुठली ओळ ठेवायची आणि कुठली काढायची हे ठरवायला धीर येतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प सुरू केला. पुढे अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा आणली आणि १९९६ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळालं. त्या काळी सर्व्हर सुरू करायचा म्हणजे 'पोस्टमास्टर' चालवायचा. नवं कनेक्शन आलं की हा पोस्टमास्टर त्याच्यासाठी वेगळी प्रोसेस उभी करून द्यायचा. ही रचना आजही तशीच आहे. मात्र आजची postgresql.conf ही सेटिंगची फाइल तेव्हा नव्हती, त्यामुळे बहुतेक सेटिंग कमांडच्या शेपटालाच जोडावी लागत.

'मायनस एफ' त्याच काळातला. ७.१ या आवृत्तीच्या आधी डब्ल्यूएएल, म्हणजे बदल आधी लॉगमध्ये लिहून ठेवायची सोय नव्हती. दर व्यवहाराला डेटा डिस्कवर उतरवायचा म्हणजे वेग मार खायचा, म्हणून लोक या पर्यायाने एफसिंकच, म्हणजे डेटा डिस्कवर खरंच उतरल्याची खात्री करणंच, बंद करून टाकत. २००१ मध्ये ७.१ आली, तिच्यासोबत डब्ल्यूएएल आलं आणि सेटिंगची फाइलही आली. वेगासाठी एफसिंक बंद करण्याचं मोठं कारण तिथेच उरलं नाही. प्रॉडक्शनच्या स्क्रिप्टमध्ये आज हा पर्याय दिसला तर तो काढायलाच हवा. वीज गेली तर अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो.

'मायनस आय' तितका घातक नाही, पण ढिला आहे. पूर्वी नेटवर्कवरून येणारी कनेक्शन मुळात बंद असत आणि ती या अक्षराने उघडायची. २००५ च्या ८.० मध्ये listen_addresses हे सेटिंग आलं. नुसत्या लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवर, ऐकायचं की ठराविक पत्त्यावर, हे नेमकं सांगता येऊ लागलं. 'मायनस आय' मात्र सगळे पत्ते एकदम उघडतो.

पोस्टमास्टर हे नाव हळूहळू मागे पडलं. २००६ च्या ८.२ पासून postmaster आणि postgres या दोन्ही कमांड सारख्याच वागू लागल्या. २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत जुनं नाव काढूनच टाकलं, म्हणून ते वापरणारी स्क्रिप्ट अपग्रेडनंतर चालत नाही.

सर्व्हर बंद करण्याची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सर्व्हर सुरू-बंद करणाऱ्या pg_ctl या कमांडला बंद करण्याचे स्मार्ट, फास्ट आणि इमिजिएट असे तीन प्रकार सांगता येतात. काहीच सांगितलं नाही तर पूर्वी स्मार्ट धरला जाई, म्हणजे सगळे क्लायंट आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबायचं. पण ॲप्लिकेशन सर्व्हरचे कनेक्शन पूल, म्हणजे कायम उघडी ठेवलेली कनेक्शन, आपणहून कधी बाहेर पडतच नाहीत. सर्व्हर ताटकळत राही आणि रात्रीच्या मेंटेनन्सची वेळ हातची जाई. अशा वेळी घाईत कोणी इमिजिएट, म्हणजे नीट आवरून न घेता एकदम बंद करणं, वापरला की पुढच्या स्टार्टला लॉगवरून डेटा सावरायची रिकव्हरी आलीच. ९.५ पासून न सांगता फास्ट लागू होतो: चालू व्यवहार रोलबॅक (अर्धवट बदल रद्द), क्लायंट बाहेर, मग नीट शटडाउन. मला हा बदल नव्या फीचरइतकाच मोलाचा वाटतो.

इतकं बदललं तरी अग्रक्रम तोच राहिला आहे. फाइलमध्ये काहीही लिहा, कमांडवर दिलेला पर्याय तिच्यावर मात करतो. शिवाय pg_ctl ने रीस्टार्ट केलं तर तो मागच्या वेळचे पर्याय postmaster.opts या नोंदीच्या फाइलमधून उचलतो, त्यामुळे स्क्रिप्टमधून ओळ काढली तरी जुनं सेटिंग टिकून राहतं. फाइलमधला बदल लागू होत नसेल तर डेटाबेसमधल्या pg_settings या सेटिंगच्या यादीत, सेटिंग कुठून आलं ते सांगणारा source हा कॉलम बघावा. तिथे 'कमांड लाइन' (command line) असं आलं, तर सर्व्हर पूर्ण थांबवून तो पर्याय न देता पुन्हा सुरू करावा लागतो.