पन्नास हर्ट्झचा हिशेब

भारतीय ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, वारंवारिता (विजेच्या प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तनं) आज ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवायची असते आणि बराचसा वेळ ती तिथे राहतेही. नव्वदच्या दशकात लोड डिस्पॅच सेंटरमध्ये, म्हणजे ग्रिडच्या नियंत्रण कक्षात, रात्रपाळी केलेल्या माणसाला त्या काळी हे कुणी सांगितलं असतं, तर त्याने ते थट्टेवारी नेलं असतं.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवता येत नाही, त्यामुळे मागणी आणि निर्मिती क्षणाक्षणाला जुळावी लागते. मागणी वाढली की जोडलेली सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि वारंवारिता उतरते. निर्मिती जास्त झाली की चढते. टर्बाइनचा गव्हर्नर हा बदल ओळखून वाफ किंवा पाणी कमी-जास्त करतो. आपल्याकडे मात्र बहुतेक केंद्रांत गव्हर्नरचं हे काम बंदच ठेवलेलं असे. वारंवारिता इतकी हेलकावत होती, की संच सतत वर-खाली करणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

देशाचे तेव्हा पाच विभागीय ग्रिड होते आणि पाचांची तऱ्हा वेगळी. दक्षिणेत कायमची टंचाई, म्हणून वारंवारिता ४८.५ च्याही खाली. पूर्वेकडे वीज जास्त आणि गिऱ्हाईक कमी, म्हणून ती ५१ च्या वर. असे दोन विभाग थेट जोडता येत नसत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला १९९७ च्या सुमारास १००० मेगावॅटचं बॅक-टू-बॅक केंद्र उभं राहिलं ते यासाठीच: पश्चिमेची वीज तिथे एकदिश (डीसी) करायची आणि पलीकडे दक्षिणेच्या वारंवारितेत पुन्हा प्रत्यावर्ती (एसी) करून सोडायची.

दुखणं केवळ टंचाईचं नव्हतं, दरपत्रकाचंही होतं. ऐन संध्याकाळी वाट्यापेक्षा जास्त वीज उचलणाऱ्या राज्य मंडळाला त्याचा वेगळा भुर्दंड पडत नसे. मध्यरात्री कुणाला वीज नको असताना केंद्रीय प्रकल्प मात्र जोरात चालत, कारण जास्त युनिटं काढली की प्रोत्साहन भत्ता मिळे. तारा आणि यंत्रं तीच ठेवून नुसता हिशेब बदलला असता तरी फरक पडला असता. आणि तसंच झालं.

केंद्रीय वीज नियामक आयोगाने जानेवारी २००० मध्ये उपलब्धतेवर आधारित दरप्रणालीचा, म्हणजे एबीटीचा, आदेश काढला. तिच्यामागे भानू भूषण या अभियंत्याचा विचार होता. दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडायचे, प्रत्येक भागाचं वेळापत्रक आधी ठरवायचं, आणि त्यापलीकडच्या युनिटांचा भाव त्या वेळच्या वारंवारितेवर सोडायचा. ५०.५ ला भाव शून्य, ४९ कडे उतरताना तो चढत जाणार. १ जुलै २००२ ला ही पद्धत सर्वांत आधी पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र-गुजरातच्या ग्रिडमध्ये, सुरू झाली. मंडळांचे अभियंते आता मीटरइतकंच वारंवारितेकडेही बघू लागले. माझ्या मते भारतीय ग्रिडमधली ही सर्वांत स्वस्त सुधारणा.

त्यानंतर जोडणीला वेग आला. पूर्व आणि ईशान्य १९९१ मध्येच एक झाले होते. २००३ मध्ये पश्चिम त्यांना जोडली गेली, २००६ मध्ये उत्तर, आणि ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण.

मधे २०१२ चा जुलै येऊन गेला. ३० तारखेला पहाटे २.३३ वाजता बीना–ग्वाल्हेर वाहिनी जास्तीच्या भाराने सुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला; दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्यही. पहिल्या घटनेआधी वारंवारिता ४९.६८ होती, त्या काळाच्या मानाने काही वाईट नाही. पण ती फक्त एकूण ताळेबंद दाखवते. कोणत्या वाहिनीवर ताण आहे हे तिच्यावरून कळत नाही. पुढे वारंवारितेला वर-खाली होण्याची मुभा घटवत नेली गेली, आणि वेळापत्रकातून किती हलायचं यावरही मर्यादा आल्या.

५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशभर दिवे मालवले गेले तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने कोसळली. जलविद्युत संच झपाट्याने खाली आणून वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ च्या आत सांभाळली गेली.

डिसेंबर २०२२ मध्ये नव्या नियमांनी विचलनाचा, म्हणजे वेळापत्रकाबाहेरच्या युनिटांचा, भाव वारंवारितेपासून तोडला. काही आठवड्यांतच वारंवारितेची घडी बिघडू लागली आणि आयोगाला दुरुस्तीचे आदेश काढावे लागले. २०२४ च्या नियमांत भाव पुन्हा वारंवारितेशी बांधला गेला.