महाराष्ट्रातले दवाखाने, कायदे आणि जन आरोग्य अभियान : मागची गोष्ट

जन आरोग्य अभियान, म्हणजे महाराष्ट्रात आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संघटनांची आघाडी, तिचं नाव बातमीत आलं की हमखास कुणीतरी म्हणतं, हे डॉक्टरांच्या विरोधातले लोक, यांना प्रत्येक दवाखान्यावर सरकारी माणूस बसवायचाय. मला हे ऐकून दरवेळी गंमत वाटते, कारण या चळवळीत पुढे दिसणारी निम्मी माणसं स्वतःच डॉक्टर आहेत, डॉ. अनंत फडके घ्या, डॉ. अभय शुक्ला घ्या. त्यांची भूमिका काय आहे हे समजून घ्यायचं तर आजची पत्रकं वाचून भागत नाही, तीस-चाळीस वर्षं मागं जावं लागतं. आणि मागं गेलं की एक गोष्ट सारखी दिसते, आपल्याकडे कायदा होतो पण त्याचे नियम होत नाहीत, आणि खरी मारामारी तिथेच असते.

सुरुवात १९४९ पासून. तेव्हाच्या मुंबई राज्याने नर्सिंग होम रजिस्ट्रेशनचा कायदा केला. खासगी नर्सिंग होम चालवायचं तर नोंदणी पाहिजे, जागा बरी पाहिजे, शिकलेल्या नर्स पाहिजेत, एवढंच साधं म्हणणं. पण हा कायदा बरीच वर्षं मोजक्या शहरांपुरताच होता. म्हणजे तालुक्याच्या गावी कुणी दहा खाटा टाकून हॉस्पिटल काढलं तर त्याला आरोग्याच्या अंगाने विचारणारं जवळपास कुणीच नाही. आणि जिथे कायदा लागू होता तिथे तरी काय, मुंबईत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी घरातल्या माणसाच्या मृत्यूवरून एक केस हायकोर्टात गेली तेव्हा कळलं की महापालिका हा कायदा जवळजवळ वापरतच नव्हती. कोर्टाने मग अंमलबजावणी बघायला कमिटी नेमली. चाळीस वर्षं जुना कायदा कपाटातून बाहेर आला तो असा, कुणाच्या तरी घरातल्या मृत्यूमुळे.

त्या काळात मेडिको फ्रेंड सर्कल म्हणून १९७४ पासून चालत आलेला एक गट होता, आजही आहे. तरुण डॉक्टर, कार्यकर्ते, जयप्रकाशांच्या चळवळीच्या हवेत तयार झालेले. त्यांचा मुंबईतला गट आणि नंतर सेहत ही संशोधन संस्था, यांनी पहिल्यांदा हा प्रश्न आकड्यात मांडायला घेतला. नव्वदच्या दशकात सेहतने सातारा जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांची पाहणी केली. राहत्या घरात चालवलेली हॉस्पिटलं, शिकलेली नर्स नाही, साध्या सोयींची बोंब असं त्यात पुढे आलं. आज हे वाचून कुणाला धक्का बसणार नाही, पण तोवर "खासगी म्हणजे चांगलं" हे सगळ्यांनी मनात पक्कं धरलेलं होतं आणि त्याला कुणी मोजपट्टी लावली नव्हती.

याच्या जरा आधी गर्भलिंगनिदानाचा लढा झाला, आणि माझ्या मते अभियानाची आजची कायद्याबद्दलची समज सगळ्यात जास्त तिथून आली. १९८०च्या दशकाच्या मध्यात मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, वकील असे एकत्र येऊन एक फोरम झाला, लिंगनिदान आणि लिंगनिवडीच्या विरोधात. त्यांनी इतका रेटा लावला की १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. त्यावरून १९९४ ला केंद्राचा कायदा आला, १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. झालं, जिंकलो असं वाटावं अशी गोष्ट. पण राज्यातलं बालकांचं लिंग गुणोत्तर, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे किती मुली, ते १९९१ ला ९४६ होतं ते २००१ च्या जनगणनेत ९१३ वर आलं. कायदा होता, सोनोग्राफी मशिन्सही धडाधड येत होत्या, आणि नोंदणी नसलेली सेंटरं राजरोस चालू होती. शेवटी २००० साली सेहत, मासूम ही पुण्याची संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सुप्रीम कोर्टात जाऊन विचारलं की बाबांनो कायदा आहे तर तो राबवत का नाही. मग २००१ पासून कोर्टाचे आदेश, मशिन्सची नोंद, २००३ ला दुरुस्ती. म्हणजे कायदा मिळवायला एक लढा आणि तो चालवायला दुसरा, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा.

आता अभियान. १९७८ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा आटा इथे जगातल्या सरकारांनी सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य असं ठरवलं होतं. २००० उजाडलं, आरोग्य काही आलं नाही. तेव्हा जगभरातल्या गटांनी डिसेंबर २००० मध्ये बांगलादेशात सावर इथे लोकांची आरोग्य सभा भरवली, त्याच्या आधी कोलकात्यात भारतातल्या गटांची राष्ट्रीय सभा झाली, आणि तिथून जन स्वास्थ्य अभियान उभं राहिलं. त्याचाच महाराष्ट्रातला भाग म्हणजे जन आरोग्य अभियान. ही एक संस्था नाही, बऱ्याच संघटनांची मोट आहे, त्यामुळे भूमिका ठरवताना आतल्या आत वादही भरपूर होतात.

सुरुवातीची वर्षं त्यांचा भर सरकारी दवाखान्यांवरच होता. २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाबरोबर विभागवार जनसुनवाया झाल्या, पश्चिम भारताची भोपाळला, शेवटची दिल्लीला. मग केंद्र सरकारचं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि २००७ पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध का नव्हतं, नर्सबाई का नव्हती, बाहेरून गोळ्या का आणायला लावल्या, हे गावातल्या बाया माईक हातात घेऊन अधिकाऱ्यासमोर विचारायच्या आणि त्याला तिथेच उत्तर द्यावं लागायचं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे खासगी दवाखान्यांच्या कायद्यात हे लोक सारखं म्हणतात ना की देखरेख करणाऱ्या समितीत रुग्णांच्या बाजूचं माणूस पाहिजे, ते पुस्तकातून उचललेलं नाही. ते त्यांनी सरकारी केंद्रांवर करून बघितलेलं आहे.

इकडे खासगीचं काय? २००५ साली नर्सिंग होम कायद्यात दुरुस्ती करून तो सगळ्या महाराष्ट्राला लागू केला. मोठी गोष्ट होती. पण नियम? नियम राहिले १९७३ चेच. दुरुस्त कायद्याला शोभतील असे नियम निघायला २०२१ उजाडावं लागलं, म्हणजे पंधरा वर्षं. या मधल्या काळात अभियान निवेदनं देत राहिलं, मंत्री बदलत राहिले, फाईल तिथेच. रजिस्ट्रेशनचा कागद भिंतीवर लागायचा पण रुग्णाने तक्रार कुठे करायची याचं उत्तर त्या कागदात नव्हतं.

त्यात २०१० ला केंद्राने क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला, म्हणजे दवाखान्यांच्या नोंदणीचा आणि किमान दर्जाचा कायदा. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्यांचा विषय, त्यामुळे हा कायदा आधी अरुणाचल, हिमाचल, मिझोरम, सिक्कीम या चार राज्यांच्या ठरावावर उभा राहिला आणि बाकीच्यांनी हवा तर स्वीकारायचा. १ मार्च २०१२ पासून तो या चार राज्यांत आणि दिल्ली सोडून बाकीच्या केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. महाराष्ट्राने स्वीकारला नाही. डॉक्टर संघटनांचा विरोध होताच, इन्स्पेक्टर राज येईल, छोटी हॉस्पिटलं बंद पडतील वगैरे. पण इथे लोकांचा गोंधळ होतो, अभियानालाही तो कायदा जसाच्या तसा नको होता. त्यांचं म्हणणं असं की जिल्ह्याच्या नोंदणी प्राधिकरणावर कलेक्टर अध्यक्ष, पण तिथे रुग्णांच्या प्रतिनिधीला जागा नाही. रुग्णाच्या तक्रारीसाठी धड यंत्रणा नाही. आणि किमान दर्जाच्या अटी अशा नकोत की फक्त मोठी कॉर्पोरेट हॉस्पिटलंच त्या पुऱ्या करू शकतील आणि गावातला प्रामाणिक डॉक्टर मात्र मरेल. म्हणजे छोट्या डॉक्टरांची भीती त्यांनीही खरी मानली, फक्त त्यावरचा उपाय "कायदाच नको" हा नाही असं म्हटलं. त्यांची मागणी होती महाराष्ट्राचा स्वतःचा, सुधारलेला कायदा.

आणि गंमत म्हणजे तो जवळ आलाही होता. राज्याने कमिटी नेमली, त्यात डॉक्टर संघटनाही होत्या आणि अभियानाची माणसंही, एकाच टेबलावर. २०१४ च्या सुमाराला मसुदा तयार होता. मग तो कुठे गेला ते विचारू नका, विधिमंडळात काही आला नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात वाया गेलेली संधी ही, कारण भांडणारे दोन्ही पक्ष एका कागदापर्यंत पोचले होते आणि असं पुन्हा झालेलं नाही.

याच्याशी ताडून बघा, डॉक्टर आणि दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा २०१० लाच झाला, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. हल्ल्यांचं समर्थन कुणीच शहाणा माणूस करणार नाही आणि तो कायदा हवाच होता. पण बिलावरून, मृत्यूवरून चिडलेल्या नातेवाईकाला जायला दुसरी जागा कोणती, हा निम्मा प्रश्न तसाच सोडून दिला.

२०१७ हे वर्ष तर फारच बोलकं. मार्चमध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला बेकायदा गर्भपाताचं प्रकरण बाहेर आलं, १९ भ्रूण सापडले, सगळं राज्य हादरलं, आणि सरकारने राज्यभरातले दवाखाने तपासायला काढले. त्याच वर्षी कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेणं, याच्या विरोधातल्या कायद्यासाठी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी बसली, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिच्यात होते. मसुदा झाला. कायदा? नाही. हे आता पाठ झालं असेल तुम्हाला, आधी प्रकरण, मग कमिटी, मग मसुदा, आणि पुढे शांतता.

मग कोविड. आणि इथे एक अजब गोष्ट घडली, जे वर्षानुवर्षं "शक्यच नाही" म्हणत होते ते सरकारने २१ मे २०२० ला एका नोटिफिकेशनने करून टाकलं. खासगी हॉस्पिटलच्या ८० टक्के खाटांवर सरकारी दर, साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. आधार कशाचा घेतला तर १८९७ चा साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, आणि हो, तोच आपला नर्सिंग होम कायदा. दर ठरले पण पाळले गेले का, तर ठिकठिकाणी नाही. पीपीई किटच्या नावावर, औषधांच्या नावावर बिलं फुगली. अभियानाने कोरोनात नवरे गेलेल्या बायकांच्या संघटनेबरोबर घरोघरची बिलं गोळा केली, ऑडिटची मागणी लावून धरली आणि काही घरांना पैसे परतही मिळाले. दरनियंत्रण होऊच शकत नाही या युक्तिवादातली हवा तेव्हा गेली ती गेलीच, निदान त्यांच्या दृष्टीने.

याच धामधुमीत १४ जानेवारी २०२१ ला नर्सिंग होमचे सुधारित नियम निघाले. आजाराची आणि अंदाजे खर्चाची माहिती, केसपेपर आणि तपशीलवार बिल, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यायची मुभा, पुरुष डॉक्टर तपासत असेल तर बाई पेशंटजवळ बाई हजर असणं, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही, दरपत्रक लावायचं, तक्रारीसाठी कक्ष आणि टोल फ्री नंबर. अभियानाने स्वागत केलं आणि लगेच पुढचं बोट ठेवलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ ला १७ हक्कांची सनद केली होती, ती पूर्ण इथे आलेली नाही. दर लावायचे आहेत पण किती लावायचे यावर बंधन नाही, म्हणजे लाखाचं बिल लाखाच्या पाटीखाली कायदेशीरच. आणि हा कायदा नर्सिंग होमचा, म्हणजे नुसत्या ओपीडी क्लिनिकला, लॅबला तो पोचतच नाही. मला स्वतःला वाटतं की यातला दुसरा, दरांचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे.

धर्मादाय हॉस्पिटलांची गोष्ट जरा वेगळी, तिथे कायदा १९५० च्या ट्रस्ट कायद्यातल्या ४१ एए कलमाचा, आणि २००६ मध्ये हायकोर्टाने मंजूर केलेली योजना. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या फंडात. कागदावर देशातली एक चांगली योजना. २०२५ च्या मार्च अखेरीस पुण्यात एका गरोदर बाईच्या मृत्यूनंतर दहा लाख डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला आणि मग सगळ्यांना या योजनेची आठवण झाली, इमर्जन्सीत डिपॉझिट घ्यायचं नाही असे आदेश निघाले. इमर्जन्सीत उपचार नाकारता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने १९८९ ला परमानंद कटारा केसमध्येच सांगितलंय, त्याचं काय झालं कोण जाणे.

दुसऱ्या राज्यांत हेच वेगवेगळ्या पद्धतीने चाललंय. कर्नाटकात २०१७ ला तिथल्या खासगी दवाखान्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीच्या वेळी डॉक्टरांचा संप झाला, बंगालने त्याच वर्षी आयोगासकट नवा कायदा केला, केरळने २०१८ ला. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा पास केला, तिथे डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये तडजोड झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्रालाही विचारलं की त्याच्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्याच्या २०१२ च्या नियमात दर ठरवायचं लिहिलंय ते अजून का ठरले नाहीत. महाराष्ट्राने ना केंद्राचा कायदा घेतला ना स्वतःचा केला, त्यामुळे अभियान आजही १९४९ च्या त्या जुन्या कायद्याच्या नव्या नियमांवरच काम करतंय, महापालिकेत जाऊन विचारतंय की तक्रार कक्ष कुठाय, टोल फ्री नंबर लागतो का, दरपत्रक दर्शनी भागात लावलंय की जिन्याच्या मागे.