ट्रान्झियंट स्टॅबिलिटीचा हिशेब कसा बदलत गेला

वाहिनीवर शॉर्टसर्किट झालं की जनित्रातून बाहेर जाणारी वीज एकदम घटते. टर्बाइन मात्र आधीच्याच जोराने रोटर ढकलत राहतं. हा दोष वेळेत तुटला नाही, तर यंत्र ग्रिडच्या तालातून सुटतं; तसं न सुटता टिकणं म्हणजेच ट्रान्झियंट स्टॅबिलिटी. ‘वेळेत’ म्हणजे किती, हाच सगळा हिशेब.

दूरच्या जलविद्युत केंद्रांपासून लांब वाहिन्या निघाल्या आणि 1920 च्या दशकात हा प्रश्न छळू लागला. विद्युत अभियंते चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी 1920 मध्येच त्यावर निबंध मांडला होता. एक यंत्र आणि बलाढ्य ग्रिड एवढाच मामला असेल तर समक्षेत्र निकष पुरतो: दोषकाळात रोटरला वेग देणारं क्षेत्रफळ नंतरच्या रोखणाऱ्या क्षेत्रफळात मावलं पाहिजे. जडत्व स्थिरांक (फिरत्या भागात साठलेली ऊर्जा पूर्ण क्षमतेने किती सेकंद पुरेल ते) 5 सेकंद, 50 हर्ट्झ, पूर्ण भार, सुरुवातीचा कोन (रोटर ग्रिडच्या किती पुढे आहे ते) 30 अंश आणि दोषकाळात बाहेर जाणारी शक्ती शून्य धरा. कोन 0.1 सेकंदात 9 अंशांनी वाढतो, 0.2 सेकंदात 36 अंशांनी. वेळ दुप्पट, वाढ चौपट. वाहिनी पूर्ववत झाली तरी कोनाची मर्यादा सुमारे 80 अंश, म्हणजे हाती जेमतेम 0.23 सेकंद. दोष ओळखणारा रिले आणि वाहिनी तोडणारा ब्रेकर, दोघांनी मिळून एवढ्यात काम उरकायचं.

यंत्रं अनेक झाली की हा निकष थेट लागू पडत नाही. 1930 च्या सुमारास नेटवर्क अ‍ॅनालायझर, म्हणजे ग्रिडच्या छोट्या विद्युत प्रतिकृती, आले. त्यात प्रत्येक जनित्राच्या जागी एक फेजशिफ्टर, म्हणजे तबकडी फिरवून कोन बदलणारं उपकरण, असे. वॉटमीटर वाचायचा, 0.05 सेकंदानंतरचा कोन कागदावर काढायचा, तबकडी तेवढी फिरवायची, पुन्हा वाचायचं. एका सेकंदासाठी 20 फेऱ्या! 1950 च्या दशकात ही हमाली डिजिटल संगणकाने उचलली.

9 नोव्हेंबर 1965 ला कॅनडातल्या ऑन्टारियोच्या सर अ‍ॅडम बेक जलविद्युत केंद्राच्या एका वाहिनीचा रिले सामान्य भारावरच सुटला. उरलेल्या चार वाहिन्या पाठोपाठ गेल्या, त्यांची वीज न्यूयॉर्कच्या दिशेने उलटली आणि सुमारे 3 कोटी लोक अंधारात गेले. त्यानंतर असे अभ्यास नियोजनाचा नित्याचा भाग झाले.

दोष तुटताना यंत्रांत साठलेली ऊर्जा मर्यादेत आहे का, ते पाहणारी ऊर्जा फलनाची पद्धत 1947 पासून मांडली गेली, 1966 मध्ये तिला ल्यापुनोव्हच्या स्थिरता सिद्धांताचा आधार मिळाला. दोषानंतरचा काळ पायरीपायरीने सोडवावा लागत नाही, शिवाय किती अंतर राखून वाचलो तेही कळतं. पण जाळ्यातला रोध हिशेबात घेतला की नेमकं फलन मिळत नाही. त्यामुळे ती बहुधा चाळणीपुरतीच राहिली. अंतिम निर्णय सिम्युलेशनचाच. आमच्या मते ते योग्यच.

सौर इन्व्हर्टरला रोटरच नाही. तिथे ताल सुटतो तो पीएलएलचा, म्हणजे ग्रिडच्या तालाशी जुळवून घेणाऱ्या नियंत्रणाचा. त्याचं समीकरण मात्र रोटरचा कोन कसा बदलतो ते सांगणाऱ्या स्विंग समीकरणासारखंच दिसतं, म्हणून समक्षेत्र निकष पुन्हा कागदावर उतरलाय. फक्त इथे डॅम्पिंग (डोलणं शमवणारा परिणाम) ऋण होऊ शकतं, आणि तेव्हा तो निकष जरा जास्तच आशावादी उत्तर देतो.