मुलींच्या व्हॉलीबॉलचे युवा विश्वविजेतेपद : गिरणीच्या अंगणापासून लिमापर्यंत

अठरा वर्षांखालच्या मुलींची जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा पहिल्यांदा भरली ती १९८९ साली, ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात. तसे पाहिले तर हा उशीरच. व्हॉलीबॉलचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९४७ मध्ये पॅरिसला स्थापन झाला, बायकांचे जागतिक अजिंक्यपद १९५२ पासून सुरू झाले, अठराहून थोड्या मोठ्या, म्हणजे ज्युनियर मुलींचे १९७७ पासून. शाळेच्या वयाच्या पोरींसाठी जागतिक मैदान आखायला मात्र महासंघाला बेचाळीस वर्षे लागली. तोवर हे काम प्रत्येक देश आपापल्या परीने करत होता, आणि कोणी किती आधीपासून केले होते ते विजेत्यांच्या यादीत लगेच दिसले.

खेळाचा जन्म मुलींसाठी नव्हताच. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होलिओक गावी वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या विल्यम मॉर्गन यांनी तो बसवला, तो बास्केटबॉलची धक्काबुक्की न झेपणाऱ्या वयस्कर पुरुषांसाठी. वायएमसीएनेच तो पुढे आशियात नेला. इथे तो नऊ-नऊ जणांचा झाला आणि जपानमध्ये शाळांच्या पटांगणांतून थेट कापडगिरण्यांत शिरला. गिरणीत कामाला येणाऱ्या बहुतेक तरुण मुलीच. त्या वसतिगृहात राहायच्या, आणि जागा फार न खाणारा, अंगाला अंग न लागणारा खेळ मालकांनाही सोयीचा होता.

यातूनच ओसाकाजवळच्या काइझुका इथला निचिबो गिरणीचा संघ उभा राहिला. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. मुली दिवसभर कचेरीत काम करायच्या, दुपारनंतर मैदानात उतरायच्या आणि सराव मध्यरात्रीपर्यंत चालायचा. दाइमात्सुंचा गाजलेला धडा म्हणजे लोळण घेऊन चेंडू उचलणे. लांबच्या चेंडूवर झेप घ्यायची, तो वर काढायचा, खांद्यावरून कोलांटी मारायची आणि त्याच झपाट्यात पुन्हा उभे राहायचे, पुढच्या चेंडूसाठी. शेकडो वेळा, अंगावर काळेनिळे डाग पडेपर्यंत. आज कोणी असा सराव घेतला तर पालक पोलिसांत जातील, आणि त्यांचे काही चुकणार नाही. पण १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, जिथे व्हॉलीबॉल पहिल्यांदाच खेळले गेले, बहुतांशी याच गिरणीच्या मुलींनी सोव्हिएत संघाला सरळ तीन सेटमध्ये हरवले. शेवटचा गुण सोव्हिएत खेळाडूचा हात जाळीपलीकडे गेल्यामुळे मिळाला. त्या रात्री जपानमध्ये टीव्हीवर या सामन्याला ६६.८ टक्के प्रेक्षकसंख्या होती.

ही पद्धत जपानपुरतीच राहिली नाही. दुसऱ्याच वर्षी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या निमंत्रणावरून दाइमात्सु चीनला शिकवायला गेले. दुसरे जपानी प्रशिक्षक अकिरा कातो पेरूला गेले आणि १९६८ मध्ये पेरूच्या मुली ऑलिंपिकमध्ये चौथ्या आल्या. पुढे कोरियाचे प्रशिक्षक पाक मान-बोक पेरूतच रमले. त्यांचा पेरूचा संघ १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध दोन सेट जिंकून, तिसऱ्यात १२-६ असा पुढे होता. तिथून सामना निसटला. पाचवा सेट १५-१७ ने गेला. तरी पेरूची राजधानी लिमासारख्या शहरात मुलींचे व्हॉलीबॉल आजही भरल्या स्टेडियममध्ये होते, ते या संघामुळे.

कुरितिबाची स्पर्धा सोल ऑलिंपिकनंतर एका वर्षाने झाली. पहिला करंडक सोव्हिएत संघाने नेला, १९९१ चा दक्षिण कोरियाने. पुढची जवळपास वीस वर्षे रशिया, जपान, चीन आणि ब्राझील यांच्याबाहेर विजेतेपद गेले नाही. यात ब्राझीलचा धडा वेगळा. २००५ मध्ये मकाऊला त्यांच्या युवा संघाने करंडक जिंकला, त्यातली नतालिया परेरा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघात होती. सात वर्षांत शाळकरी मुलीची ऑलिंपिक विजेती झाली, आणि हा योगायोग नव्हता.

२०११ मध्ये अंकाऱ्यात यजमान तुर्कस्तान जिंकले आणि जुनी मक्तेदारी मोडली. नंतर इटली. तिथे १९९८ मध्ये प्रशिक्षक हूलिओ व्हेलास्को यांच्या पुढाकाराने क्लब इटालिया हा इटलीच्या व्हॉलीबॉल महासंघाचाच संघ निघाला. निवडक किशोरी एकत्र ठेवायच्या आणि मोठ्या बायकांच्या लीगमध्ये उतरवायच्या. हरल्या तरी चालेल, शिकतील, असा हिशेब. पाओला एगोनु याच वाटेने आली. २०१५ च्या लिमातल्या स्पर्धेत इटली विजेते आणि एगोनु सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. २०१७ मध्ये इटलीने पुन्हा करंडक घेतला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीच्या बायकांनी पहिले सुवर्ण जिंकले, सर्वोत्कृष्ट खेळाडू एगोनु, आणि प्रशिक्षक तेच व्हेलास्को. अमेरिकेचे २०१९ चे विजेतेपद याहून साधे वाटते, पण त्यामागे १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलींच्या शालेय व महाविद्यालयीन खेळांना मिळालेले बळ आहे.

भारताची गोष्ट इथे जरा खुपते. १९५२ च्या मॉस्कोतल्या बायकांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत आठ संघ होते, त्यांत भारताचा एक. आठवा क्रमांक आला, पण आपण तिथे होतो, जपान नव्हता. मुलांच्या बाबतीत नंतर बरे दिवस आले : २००३ च्या युवा जागतिक स्पर्धेत भारत उपविजेता होता आणि २००९ मध्ये पुण्यात भरलेल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत चौथा. मुलींच्या युवा स्पर्धेत मात्र आपल्या नावावर पदक नाही. गावोगावच्या शाळांत जाळी लागते, सर्व्हिस आणि स्मॅश शिकवले जातात. लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी खेळाडू, घडवायला लागतात तशी सलग चार-पाच वर्षे एकाच हाताखाली किती मुलींना मिळतात, हा प्रश्न स्पर्धा भरवण्याच्या कौतुकात मागे पडतो. थायलंडने युवा मुलींची जागतिक स्पर्धा वारंवार आपल्याकडे भरवली, पण त्याचबरोबर एकच पिढी वर्षानुवर्षे एकत्र ठेवली आणि २००९ मध्ये हनोईला चीनला हरवून आशियाई विजेतेपद मिळवले. थाई मुलींची उंची आपल्या मुलींपेक्षा फार वेगळी नाही, आणि जाळी तीच, २.२४ मीटर.

या स्पर्धेची एक जुनी अडचण म्हणजे ती दोन वर्षांतून एकदा भरते. वयोमर्यादा अठराची असताना ‘सोयीच्या’ वर्षी जन्मलेल्या मुलीला खेळायला मिळायचे ते संघातली मोठी म्हणून, एक वर्ष नंतर जन्मलेलीला धाकटी म्हणून. गुणवत्ता सारखी असली तरी बाकावर बसायची ती बहुधा धाकटीच. २०२३ पासून मर्यादा एकोणीसवर नेली गेली आणि २०२४ मध्ये लिमात सतरा वर्षांखालील मुलींची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आता एका वर्षी सतरा, दुसऱ्या वर्षी एकोणीस. वेचणी आता त्याहून आधी, चौदा-पंधराव्या वर्षीच सुरू करावी लागणार.